बिऱ्हाड कोठे थाटावे?

नोकरीचा कागद हाती पडला की घरात पहिला आनंद होतो तो पगाराचा, आणि त्यापाठोपाठ चिंता उभी राहते ती बिऱ्हाडाची. कामाचे ठिकाण मालक ठरवितो. पगाराचा आकडाही तोच ठरवितो. परंतु बायकामुलांना घेऊन राहावयाचे कोठे, हा प्रश्न मात्र कुटुंबालाच सोडवावा लागतो. कचेरीजवळ राहावे की शाळेजवळ? भाडे कमी असेल तेथे जावे, की आपली माणसे असतील तेथे? चर्च किती अंतरावर आहे? म्हाताऱ्या आईवडिलांना बरोबर न्यावे, की गावच्या घराची कुलूपकिल्ली त्यांच्या हाती ठेवून निघावे?

हे प्रश्न आपल्याला आजचे वाटतात. प्रत्यक्षात गेली दीडशे वर्षे मुंबईच्या आसऱ्याला आलेला आपला कॅथलिक समाज हेच प्रश्न सोडवीत आला आहे. धोबीतलाव, कावेल, माझगाव, वांद्रे, सांताक्रूझ, बोरिवली ही नुसती स्थानके वा मोहल्ले नव्हेत. त्या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी वेळोवेळी दिलेली ती उत्तरे आहेत. प्रत्येक उत्तराने काही मिळवून दिले आणि प्रत्येकाने काही हिरावूनही घेतले. या लेखात आम्हाला त्या जमाखर्चाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

गावाची कूड

एकोणिसाव्या शतकात गोव्यात जमीन थोडी, खाणारी तोंडे अधिक आणि नोकऱ्या जवळजवळ नाहीत, अशी स्थिती होती. मुंबई मात्र वाढत होती. १८८० साली प्रिन्सेस डॉक खुला झाला, आगबोटींची वर्दळ वाढली आणि गोऱ्या कंपन्यांच्या जहाजांवर आचारी, बटलर, खलाशी अशा माणसांची गरज भासू लागली. साहेबांच्या बंगल्यांना स्वयंपाकी हवे होते, पलटणींना आणि क्लबांना बँडवाले हवे होते. शिंपी, पाववाले, कारकून यांनाही मागणी होती. गोव्याचा ख्रिस्ती तरुण किनाऱ्याच्या आगबोटीने मुंबईस येई. १८८८ साली मुरगावचा लोहमार्ग घाट चढून ब्रिटिश हद्दीतील रेल्वेला मिळाला, तेव्हा रेल्वेनेही येऊ लागला.

हा तरुण बंदरावर उतरल्यावर रात्री पाठ टेकणार कोठे? त्याचे उत्तर त्याच्या गावाने आधीच देऊन ठेवलेले असे. कोकणीत ‘कूड’ म्हणजे खोली. एकेका गावाच्या लोकांनी धोबीतलाव, डाबूळ, माझगाव या भागांत मिळून एखादी जागा भाड्याने घेतली आणि ती ‘गावाची कूड’ झाली. अशा शेकडो कुडी मुंबईत उभ्या राहिल्या. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीच्या जिन्यांनी तर कितीतरी गावे एकावर एक रचलेली पाहिली आहेत.

कुडीची व्यवस्था मोठी साधी आणि मोठी शहाणपणाची होती. सभासद गावचाच असावा लागे. त्याला खोलीत मिळे ती एक पेटी ठेवण्यापुरती जागा आणि रात्री चटई अंथरण्यापुरती जमीन. भाडे अगदी थोडे. जहाजावर गेलेल्या माणसाची पेटी महिनोन् महिने तेथेच राही. तो परत आला की पेटीपाशी त्याचे घर पुन्हा सुरू होई. कोणत्या बोटीवर माणसे घेत आहेत, कोणत्या साहेबाला आचारी हवा आहे, ही बातमी कुडीतच आधी कळे. बेकाराला तेथे सांभाळून घेतले जाई, आजाऱ्याची शुश्रूषा होई आणि परक्या शहरात कोणी मरण पावला तर त्याला खांदा देण्यास गावची माणसे उभी असत.

भिंतीशी वेदी असे, वेदीवर गावच्या आश्रयदात्या संताची मूर्ती असे. रात्री ठरलेल्या वेळी सर्वांनी गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना करावयाची हा नियम होता. चुकारपणा करणाऱ्यास काही कुडींत दंडही भरावा लागे. गावी संताचा सण असेल त्या सुमारास कुडीतही सण साजरा होई आणि गावच्या चर्चसाठी वर्गणी धाडली जाई. वीस-बावीस वर्षांचा, खिशात पहिला पगार असलेला मुलगा मुंबईसारख्या मोहनगरीत सरळ मार्गाने राहिला, त्याचे बरेचसे श्रेय या एका खोलीला द्यावे लागेल. कोकणी तियात्राचा जन्मही याच मुंबईकर गोवेकरांत झाला. १७ एप्रिल १८९२ रोजी ‘इटालियन भुरगो’ हा पहिला तियात्र मुंबईच्या रंगभूमीवर आला. घर सोडलेल्या माणसांनी आपली भाषा कशी उराशी धरली होती, याची ती खूण आहे.

पण जमेची बाजू सांगताना खर्चाची बाजू झाकणे योग्य नाही. बहुतेक कुडींचा उंबरठा स्त्रियांसाठी नव्हता. कूड ही पुरुषांची व्यवस्था होती. पत्नीने गावी सासू-सासऱ्यांपाशी राहावे, भाताची खाचरे आणि मुले सांभाळावीत, मनीऑर्डरची वाट पाहावी, हे त्या व्यवस्थेत गृहीतच धरलेले होते. जहाजावरच्या माणसाला आपल्या मुलाचा बाप्तिस्मा पत्रातून कळे आणि पहिला कम्युनियनही पत्रातूनच. मूल चालू लागलेले असे तेव्हा बाप परत येई आणि मूल त्याला पाहून आईच्या पदराआड लपे. गावाला सोबत आणणाऱ्या या माणसांना कुटुंब सोबत आणता आले नाही.

‘गाव काय, एका रात्रीच्या वाटेवर आहे’ हा त्यांचा दिलासा होता. तोही पुढे खोटा ठरला. भारत स्वतंत्र झाला, गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात राहिला आणि दोहोंमधील ताण वाढत जाऊन १९५५ मध्ये रेल्वेची वाहतूक थांबली, सीमा बंद झाली. नवरा मुंबईत, बायको गोव्यात आणि मध्ये दोन राष्ट्रांची हद्द! १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत कित्येक कुटुंबांनी हा वियोग सोसला. बिऱ्हाड दोन ठिकाणी विभागताना आपण वाट उघडी राहील असे गृहीत धरतो. वाट उघडी ठेवणे आपल्या हाती नसते, हे त्या वर्षांनी शिकविले.

एका खोलीतला संसार

ज्यांना पत्नी आणि मुले यांच्याविना राहणे नको होते आणि ज्यांची नोकरी जमिनीवरची होती, त्यांनी मुंबईत बिऱ्हाड केले. त्यांनी जागा कशी निवडली? कावेल आणि डाबूळ ही नावे पाहावीत. येथून कोट भागातील कचेऱ्या पायी गाठता येत. चर्च हाकेच्या अंतरावर होते. १८६९ साली सुरू झालेले सेंट झेवियर्स धोबीतलावलाच होते. माझगावला गोदी जवळ, चर्च जवळ आणि १८६४ सालापासून सेंट मेरीज शाळाही जवळ. काम, चर्च आणि शाळा या तिन्ही गोष्टी जेथे चालत जाण्याच्या अंतरात येतील तेथे खोली पाहावी, हा त्यांचा हिशेब होता. तो नंतरच्या पिढ्यांनाही फारसा बदलावा लागलेला नाही.

मात्र ही माणसे रिकाम्या जमिनीवर आलेली नव्हती. गिरगावची खोताचीवाडी, माझगावची म्हातारपाखाडी या जुन्या वस्त्यांत आपले ईस्ट इंडियन बांधव कित्येक पिढ्या नांदत होते. उत्तर कोकणातील या मूळच्या ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ साली घेतले, त्याचे एक कारणच असे होते की गोव्याहून आलेल्या लोकांची आणि त्यांची नावे सारखी, धर्म सारखा. मग नोकऱ्यांच्या स्पर्धेत आपण या मातीतले आहोत हे सांगावे कसे? एकाच वेदीपाशी गुडघे टेकणाऱ्या माणसांतही ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ असा भेद पडला, हे आपल्याला मान्य केलेच पाहिजे. त्यात धर्माधिकाराचा तंटा होताच. पाद्रोआदो आणि प्रोपगांदा या दोन सत्तांची चर्चेस एकाच शहरात शेजारी शेजारी नांदत होती. कोठे राहतो यापेक्षा कोणाच्या अधिकाराखाली येतो, यावरून कुटुंबाचे चर्च ठरे. १९२८ च्या करारानंतर हा दुहेरी कारभार संपला आणि पत्ता सांगितला की धर्मग्राम कळावे, अशी सुटसुटीत स्थिती आली.

एका खोलीतला संसार म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले त्यांना सांगावयास नको. वेदीची फळी, शिवणयंत्र, स्वयंपाकाची चूल आणि मुलांचा अभ्यास हे सारे एकाच छताखाली, एकाच दिव्याच्या उजेडात. तरीही संध्याकाळी बाप घरी असे. कुडीने जे हिरावले होते ते या खोलीने परत दिले. फक्त मोकळी हवा तिला देता आली नाही. आणि हवेचा प्रश्न किती जीवघेणा असू शकतो, हे लवकरच दिसून आले.

प्लेगची साथ आणि वांद्र्याची वाट

मेट्रो चित्रपटगृहासमोर, धोबीतलावच्या गर्दीत डॉ. अकासियो गाब्रिएल विएगास यांचा पुतळा आहे. तेथून रोज हजारो माणसे जातात. त्यांच्यापैकी थोड्यांनाच तो कोणाचा हे ठाऊक असेल. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेल्या या डॉक्टरांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रुग्णांत ग्रंथिज्वराचा प्लेग ओळखला आणि तसे निर्भयपणे जाहीर केले. पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. प्लेगने मुंबईची दाट वस्ती हादरून गेली. माणसे जथ्याजथ्याने शहर सोडू लागली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १९०१ साली ती ७ लाख ७६ हजारांवर आली. एरवी वाढतच जाणारे शहर दहा वर्षांत लहान झाले.

कुटुंबासाठी जागा निवडताना त्यानंतर एक नवा प्रश्न आला : मुलांना येथे श्वास घेता येईल काय? सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापून कोंदट वस्त्या मोडण्यास व रुंद रस्ते काढण्यास आरंभ केला. लोकांनी मात्र आपली वाट आपणच शोधली आणि ती उत्तरेकडे जात होती. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बंधारा १८४५ पासून होता. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकलगाडी धावली होती. वांद्र्याला समुद्राचा वारा होता, भाताची शेते होती, पोर्तुगीज काळापासूनचे सेंट अँड्र्यूज चर्च होते, मोत माउलीची टेकडी होती आणि सेंट स्टॅनिस्लाससारखी शाळा होती. प्लेग तेथेही पोहोचला; रनवार, पाली, चुईम अशा पाखाड्यांतून त्या काळी उभारलेले क्रूस आजही त्याची साक्ष देतात. दर मे महिन्यात त्यांच्यापुढे माळा चढतात आणि लदीन म्हटले जाते. तरी शहराच्या कोंदटपणापेक्षा वांद्र्याची मोकळी हवा आणि मोकळी जागा लोकांना बरी वाटली.

परंतु नोकरदाराने वांद्र्यात घर बांधावे कसे? एकट्याच्या पगारात जमीन येत नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी इतकी भडकली की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. याच सुमारास सहकाराची कल्पना रुजत होती. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत बांधवांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि १९१८ साली आपल्या समाजाने ‘साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी’ स्थापन केली. वांद्र्यातील भाताची खाचरे आखून भूखंड झाले, रस्त्यांना संतांची नावे मिळाली आणि कारकून, शिक्षक, डॉक्टर अशा मध्यम मिळकतीच्या माणसांचे टुमदार बंगले उभे राहिले. पुढे सांताक्रूझला विलिंग्डन कॅथलिक कॉलनी झाली. १९२८ च्या जानेवारीत विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली आणि वस्ती रुळांच्या मागोमाग सरकत गेली. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीने तर आपल्या निष्कलंक गर्भसंभवाच्या चर्चचेच नाव धारण केले.

या संस्थांचे ऋण आपल्यावर मोठे आहे. बाप, आई, मुले, आजी-आजोबा एका छपराखाली आले. अंगणात तुळशीजवळ नव्हे, तर क्रूसाजवळ दिवा लागू लागला. घरापासून चर्चपर्यंत लहान मूल एकटे चालत जाऊ शकेल असा रस्ता मिळाला. पण येथेही खर्चाचा रकाना आहे. ज्यांची खाचरे भूखंड झाली त्या पाखाड्यांतील शेतकऱ्याला मिळालेले पैसे संपले. जमीन मात्र परत आली नाही. आणि ‘आपल्या लोकांसाठी’ घातलेले कुंपण जसे आत सुरक्षितता देते तसे बाहेर कोणाला तरी उभे ठेवते. एखाद्या समाजाने आपली गृहसंस्था आपल्यापुरती ठेवावी काय, हा वाद २००५ साली पारशी बांधवांच्या एका संस्थेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने तसा नियम करण्याची संस्थेस मुभा असल्याचा निर्णय दिला. कायद्याने जे चालते ते शेजारधर्मालाही मानवते काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. आडनाव ऐकून जागा नाकारल्याचे दुःख आपल्यातील पुष्कळांनी भोगले आहे. म्हणून तरी आपण तो नक्की करावा.

घर न सोडण्याचे उत्तर

कुडी आणि कॉलनी यांच्याखेरीज तिसरेही एक उत्तर होते. ते वसईकरांनी दिले : घर सोडावयाचेच नाही! वसईच्या वाड्यांतील केळी, भाजी, फुले आणि पानवेली मुंबईच्या बाजारात जात. त्यांच्याच वाटेने वसईचा शिकलेला मुलगा कचेरीत जाऊ लागला. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि पगार मुंबईचा व पाणी आपल्या विहिरीचे, असा संसार शक्य झाला. आईची भाषा टिकली, लग्नातली गाणी टिकली, वाडी टिकली. या उत्तराची किंमत गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्याने चुकती केली. पहाटे मुले झोपेत असताना निघावयाचे आणि रात्री ती झोपल्यावर परतावयाचे. जहाजावरचा बाप वर्षाने भेटे, गाडीतला बाप रविवारी भेटे!

आणि मग काळाचे चाक फिरले. मुंबईत जागा न परवडणारी कुटुंबे वसईत येऊ लागली. १९८० नंतर इमारती वाडीच्या कडेपर्यंत आल्या, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. भूमी आणि पाणी राखण्याचा तो लढा न्याय्यच होता. परंतु बांधकाम करणारा आणि बिऱ्हाड करणारा यांत भेद आहे, हे आपण विसरता कामा नये. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कर्ज काढून आलेला गृहस्थ हा आपल्या आजोबांचाच भाऊबंद आहे. त्यानेही काम, शाळा आणि गाडी यांचा हिशेब केला, आणि तो हिशेब त्याला आपल्या दाराशी घेऊन आला.

निवडताना

आज आपली मुले आखाती देशांत जातात, कॅनडा-ऑस्ट्रेलियात जातात, पुण्या-बंगळुरूस जातात. आखातात सहा-आठ जण एका खोलीत राहून पैसे घरी धाडणारा तरुण पाहिला की आम्हाला धोबीतलावची कूड आठवते. फक्त तेथे वेदी असतेच असे नाही, आणि गावची माणसेही असतातच असे नाही. व्हिडिओवर मूल दिसते, पण मांडीवर येत नाही.

अशा वेळी इतिहासाकडून काही घ्यावयाचे असेल तर ते इतकेच. भाडे, अंतर आणि शाळा यांचा हिशेब अवश्य करावा; आपल्या पूर्वजांनी तो काटेकोरपणे केला होता. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी कुटुंबाने एकत्र बसून विचारात घ्याव्यात. पहिली : या निवडीत मागे कोण राहणार, आणि किती वर्षे? ज्याला मागे राहावयाचे आहे त्याला कोणी विचारले आहे काय? दुसरी : आजारपण आले, नोकरी गेली, तर रात्री कोणाचे दार ठोठावता येईल? कुडीची खरी श्रीमंती तीच होती. तिसरी : ज्या गावात आपण जात आहोत तेथे आधीपासून कोण राहते, आणि आपल्या येण्याने त्यांचे काय होणार आहे?

मत्तयच्या शुभवर्तमानात योसेफाची हकीकत आहे. मिसर देशातून परतताना तो यहुदियात जाण्यास भ्याला, कारण तेथे राज्य करणारा राजा भरवशाचा नव्हता. मग तो गालीलात गेला आणि नाझरेथला राहिला. त्या निवडीत काम काय मिळेल, मिळकत किती होईल, याचा शब्दही नाही. मूल आणि त्याची आई जेथे निर्भय राहतील ते गाव त्याने निवडले; सुताराचे हत्यार तेथेही चालणारच होते. ते लहानसे गाव त्या पवित्र कुटुंबाला तीस वर्षे पुरले.

धोबीतलावच्या काही कुडी आजही चालू आहेत. पेट्या कमी झाल्या आहेत, सभासद वृद्ध झाले आहेत, पण वेदीपुढचा दिवा लागतो. तेथून जाण्याचा योग आला तर वाचकांनी जिना चढून एकदा त्या खोलीत डोकवावे, आणि ज्या पेट्यांचे मालक परतले नाहीत त्यांच्यासाठी, तसेच गावी त्यांची वाट पाहत राहिलेल्या स्त्रियांसाठी, एक प्रणाम मरिया म्हणावा. आपण आज ज्या घरात राहतो त्याच्या पायात त्यांचाही वाटा आहे.